तर्री फोटोत फिकी का दिसते? खाद्यछायाचित्रण आणि ब्लॉगची पहिली पावलं

तर्री-पोह्यांची बशी समोर असते. लाल तवंग, त्यात बुडालेले चणे, वर बारीक चिरलेला कांदा. मोबाइल काढून फोटो घ्यावा, तर पडद्यावर काहीतरी तपकिरी, ओशट आणि गार झाल्यासारखं दिसतं. "पदार्थ चांगला होतो, फोटोच वाईट येतो. मोठा कॅमेरा घ्यावा का?" नागपूरच्या वाचकांकडून, विशेषतः घरी उत्तम स्वयंपाक करणाऱ्यांकडून, हा प्रश्न वारंवार येतो. त्याच्यापाठोपाठ आणखी दोन येतात. ब्लॉग सुरू करावा की इन्स्टाग्राम पुरे? आणि आपला फोटो दुसऱ्याच कोणी वापरला तर करायचं काय?

या तिन्ही प्रश्नांची उत्तरं इथे क्रमानं देते. त्याआधी एक कसोटी मनाशी पक्की करा. तुमचा फोटो पाहून आणि कृती वाचून कोणीतरी आज संध्याकाळी तोच पदार्थ करायला घेणार आहे. ती व्यक्ती बाजारातून सामान आणेल, गॅस पेटवेल, घरच्यांना वाढेल. तुम्ही दाखवलं आणि लिहिलं तसं तिच्या ताटात उतरलं, तर ती तुमच्याकडे पुन्हा येईल. नाही उतरलं, तर कितीही सुंदर फोटो तिला परत आणणार नाही. पुढचा प्रत्येक सल्ला या कसोटीला धरून आहे.

आधी विषय ठरवा

'सगळ्या प्रकारचे पदार्थ' हा विषय होत नाही. पनीर मसाल्याच्या कृती पुष्कळांनी लिहून ठेवल्या आहेत. गोळाभातावर हिंग-मिरचीचं तेल कधी आणि किती घालायचं, पुडाच्या वडीचं सारण तळताना बाहेर का येतं, पाटोडी रश्श्यात का विरघळते, हे नेमकं सांगणारे मात्र कमी आहेत. तुमच्या हातात जे आहे, तिथून सुरुवात करा. विषय बांधायचे काही मार्ग असे:

- ऋतूनुसार: हिवाळ्यात सांबार (कोथिंबीर) स्वस्त झाला की पुडाची वडी, मग हुरडा, उन्हाळ्यात कुरड्या, सरगुंडे, कैरीचं पन्हं, संत्र्यांच्या बहारात संत्र्याचे पदार्थ.
- खाणाऱ्यानुसार: वसतिगृहात राहणारे विद्यार्थी, नोकरी करणारं जोडपं, पथ्य पाळणारे ज्येष्ठ.
- घराण्यानुसार किंवा गावानुसार: आजीच्या, आत्याच्या, सासरच्या कृती, मूळ गाव भंडारा, चंद्रपूर वा वर्धा असेल तर तिकडची पद्धत.

विषय निवडलात की कोणालाही न विचारता करता येतील असे दहा पदार्थ कागदावर उतरवा. दहा भरले नाहीत, तर विषय एकतर फार अरुंद आहे किंवा अजून तुमचा झालेला नाही.

एक खबरदारीही घ्या. प्रत्येक लाल-तिखट रश्श्याला 'सावजी' म्हणू नका. सावजी ही हलबा कोष्टी विणकर समाजाची पाकपरंपरा आहे, तिचा मसाला आणि रीत वेगळी आहे. तुम्ही घरच्या पद्धतीनं केलं असेल, तर 'सावजीच्या धर्तीवर, आमच्या घरी' असं लिहा. ज्यांच्याकडून शिकलात, त्यांचा उल्लेख करा.

काय लागतं आणि काय नाही

सुरुवातीला कॅमेरा विकत घेऊ नका. गेल्या काही वर्षांतला कोणताही बरा मोबाइल पुरतो. एवढं जमवा:

- लेन्स पुसायला स्वच्छ, मऊ सुती कापड. स्वयंपाकघरात मोबाइलच्या लेन्सवर तुपा-तेलाचं बोट हमखास लागतं आणि फोटो धुकट येण्याचं सर्वांत साधं कारण तेच असतं.
- पांढरा जाड कार्डशीट किंवा थर्माकोलचा तुकडा. तो उजेड परतवून सावलीत टाकतो.
- मलमलचं पांढरं कापड किंवा जुनं धोतर. कडक ऊन गाळण्यासाठी.
- पार्श्वभूमीसाठी घरातल्याच वस्तू: सागवानी पाट, ओट्याचा काळा कडप्पा, गोणपाट, फिक्या रंगाची सुती साडी, पळसाची पत्रावळ. विणकरांच्या घरातून आलेल्या रश्श्याखाली हातमागाचं सुती कापड शोभूनही दिसतं आणि त्याची गोष्टही सांगतं.
- स्वयंपाकाचा लहान डिजिटल वजनकाटा. फोटोच्या सामानाऐवजी आधी यावर खर्च करा. कारण पुढे येईल.

स्टीलच्या चकचकीत ताटात खिडकी, छत आणि तुमचा मोबाइल असं सगळंच दिसतं. सुरुवातीला माती, चिनी माती, पितळ किंवा पत्रावळ वापरा. फोटो काढताना भडक लाल-पिवळे कपडेही टाळा. त्यांचा रंग पांढऱ्या भातावर उतरतो.

नागपूरचा उजेड आणि तुमची खिडकी

फोटो बिघडतो तो बहुधा उजेडामुळे. रात्री ट्यूबलाइटखाली काढलेल्या फोटोत वरून पडणारा पांढरा उजेड तवंगावर आपटून चकाकतो आणि तर्रीचा लाल रंग धुऊन निघतो. त्यात पिवळा बल्बही चालू असेल, तर पोह्यांचा अर्धा भाग पिवळा आणि अर्धा निळसर येतो. म्हणून पहिला नियम असा: दिवसा, खिडकीजवळ, घरातले सगळे दिवे बंद करून फोटो काढा.

नागपूरच्या हवामानाचा विचार मात्र करावा लागतो:

- उन्हाळा: सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर. भर दुपारचं ऊन पदार्थावर थेट पडलं, तर सावल्या काळ्या आणि कडा पांढऱ्या होतात. दुसरी अडचण कूलरची. खिडकी कूलरनं अडवली असेल, तर बाल्कनीचं दार किंवा जिन्यातली सावलीची जागा शोधा. फोटोच्या पाच मिनिटांपुरता कूलर आणि पंखा बंद ठेवा. पोहे वाऱ्यावर झपाट्यानं सुकतात.
- पावसाळा: ढगाळ दिवस ही चांगली संधी आहे. संपूर्ण आभाळ मलमलच्या पडद्याचं काम करतं. उजेड कमी वाटला, तर ताट खिडकीच्या आणखी जवळ न्या आणि मोबाइल टेकवून ठेवा.
- हिवाळा: सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलवर येतं. त्या खिडकीला मलमल लावा.

उत्तरेची खिडकी वर्षातला बराच काळ थेट उन्हापासून मोकळी आणि म्हणून सोयीची असते. पण नागपूर कर्कवृत्ताच्या थोडं दक्षिणेला आहे. २६ मेच्या सुमारास सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि त्यानंतर जुलैच्या मध्यापर्यंत किंचित उत्तरेकडे असतो. त्या दिवसांत उत्तरेच्या खिडकीतही सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन शिरतं. तेव्हा पडदा लावा.

संत्र्यावर सराव करा

पदार्थ गार होण्याची घाई नको, म्हणून पहिला सराव संत्र्यावर करा. अर्धवट सोललेलं संत्रं खिडकीजवळच्या टेबलावर ठेवा आणि तीन फोटो काढा:

१. खिडकी तुमच्या पाठीमागे. संत्रं सपाट दिसेल.
२. खिडकी तुमच्या डाव्या किंवा उजव्या हाताला. सालीवरचे बारीक खळगे उठून दिसतील.
३. खिडकी संत्र्याच्या मागे. फोडी आतून उजळल्यासारख्या दिसतील, पण पुढची बाजू काळवंडेल. आता समोरून पांढरा कार्डशीट धरा आणि पुन्हा काढा.

या चार फोटोंमधला फरक डोळ्यांत बसला, की निम्मं खाद्यछायाचित्रण तुम्हाला आलं. कोरड्या, खरखरीत पदार्थांना बाजूचा उजेड चांगला. रसरशीत, पातळ किंवा वाफाळत्या पदार्थांना मागचा.

फोटो काढण्याचा क्रम

१. पदार्थ तयार होण्याआधी रिकामी बशी ठेवून जागा, उजेड आणि कोन पक्का करा. गरम पदार्थ आल्यावर जुळवाजुळव करायला वेळ नसतो.
२. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन पडद्यावरच्या उभ्या-आडव्या रेषा सुरू करा. टेबलाची कड त्या रेषेला समांतर ठेवा.
३. लेन्स पुसा.
४. मोबाइल ताटाच्या अगदी जवळ नेऊ नका. तसं केलं तर गोल वाटी अंड्यासारखी दिसते. थोडं मागे सरका आणि फोनमध्ये दुपटीची वेगळी लेन्स असेल तर ती वापरा. बोटांनी ताणून चित्र मोठं करू नका.
५. ज्या भागावर नजर जायला हवी, तिथे पडद्यावर बोट टेकवा. तिथे सूर्याच्या आकाराची जी खूण येते, ती गरजेप्रमाणे वर-खाली सरकवा. तर्री फिकी दिसते ती बहुतेकदा इथेच. गडद पदार्थ दिसला की फोन आपणहून उजेड वाढवतो आणि गर्द लाल रस्सा राखाडी करतो. रश्श्यासाठी खूण थोडी खाली ओढा. उलट, पांढऱ्या भाताला किंवा खरवसाला फोन काळपट करतो. तिथे थोडी वर न्या.
६. तवंगावर खिडकीचा पांढरा डाग पडत असेल, तर ताट थोडं फिरवा किंवा तुम्ही एक पाऊल बाजूला व्हा.
७. एका मांडणीचे पाच-सहा फोटो पुरे. पन्नास काढून निवडताना थकण्यापेक्षा पाच विचारपूर्वक काढा.

मागचा भाग धूसर करणारा 'पोर्ट्रेट' प्रकार जपून वापरा. तो बऱ्याचदा वाटीची कड किंवा कोथिंबिरीचं टोक पुसून टाकतो. आणि कढईत तळण सुरू असताना तेलावर मोबाइल धरू नका. तळणाचा फोटो हवाच असेल, तर तळणारं एक आणि फोटो काढणारं दुसरं माणूस असू द्या.

कोणत्या पदार्थाला कोणता कोन

- तर्री-पोहे: आपण जेवायला बसल्यावर ताट जसं दिसतं तो कोन, साधारण ४५ अंशांचा. पोह्यांची उंची आणि तर्रीचा तवंग दोन्ही दिसतात. तर्री शेवटच्या क्षणी घाला, नाहीतर पोहे ती शोषून घेतात.
- पुडाची वडी: एक वडी मधोमध कापा आणि कापलेली बाजू कॅमेऱ्याच्या पातळीवर समोरून घ्या. हिरवं सारण आणि कुरकुरीत आवरण हीच तिची ओळख आहे.
- पाटोडी-रस्सा: पाटोड्या रश्श्यात पूर्ण बुडाल्या तर फोटोत नुसतं लाल पाणी उरतं. दोन-तीन वर ठेवा.
- वडाभात, गोळाभात: ४५ अंश. वरून तेलाची धार सोडतानाचा फोटो घ्यायचा तर उजेड मागून हवा.
- पूर्ण ताट: बरोबर वरून. मोबाइल जमिनीला समांतर हवा, नाहीतर ताट घसरल्यासारखं वाटतं. मीठ-लिंबापासून पदार्थ आपल्या घरी जिथे वाढतात तिथेच वाढा. वाचक ते लगेच ओळखतात.
- वाफाळता रस्सा: मागून उजेड आणि पाठीमागे गडद रंग. तरच वाफ दिसते.

सुधारणा किती करावी

फोटो सरळ करणं, कापणं, थोडा उजळ करणं, ताटाचा पांढरा रंग पांढरा दिसेल असं रंगसंतुलन साधणं, एवढं योग्य आहे. लाल रंग इतका वाढवू नका की वाचक घरी तिखटाचे दोन चमचे जास्त घालेल. पदार्थ चमकावा म्हणून न खाण्याजोगं काही वापरणं जाहिरातीच्या स्टुडिओत चालत असेल. तुमच्या घरच्या ताटावर ते नको. वाचकाला मिळणाऱ्या पदार्थाचाच फोटो द्या आणि फोटो झाल्यावर तो पदार्थ कोणाच्या तरी पोटात जाऊ द्या. कृत्रिम बुद्धिमत्तेनं तयार केलेलं चित्र स्वतः रांधलेल्या पदार्थाचं म्हणून कधीही लावू नका.

कृती लिहिताना

कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' १९७०मध्ये आलं आणि घराघरांत रुजलं. नवशिक्या हातांनाही त्यातली वाटी-चमच्यांची प्रमाणं पाळता येतात, हे त्याचं मोठं बळ. तोच धडा आपणही घ्यायचा.

- घराघरांतली वाटी वेगळी असते. पहिल्यांदा लिहिताना वाटीबरोबर ग्रॅम किंवा मिलिलिटरही द्या. टीस्पून म्हणजे ५ आणि टेबलस्पून म्हणजे १५ मिलिलिटर. वजनकाटा हवा तो यासाठी.
- 'अंदाजे', 'चवीपुरतं' हे शब्द मिठापुरते ठेवा. तिखट, मोहन आणि पाणी मोजूनच लिहा. तिखट कोणतं, तेही सांगा. भिवापुरी मिरचीचं आणि बाजारातल्या नुसत्या रंगाच्या मिरचीचं तिखट एकाच मापानं चालत नाही.
- वेळेबरोबर खूण सांगा. 'पाच मिनिटं परता' एवढंच नको. 'खोबरं बदामी होऊन तेल सुटेपर्यंत, साधारण पाच मिनिटं' असं हवं.
- चुकतं कुठे, ते आवर्जून लिहा. वडीचं सारण ओलसर राहिलं तर आवरण फुटतं, हे वाक्य वाचकाला सुंदर फोटोपेक्षा जास्त उपयोगी पडतं.
- प्रकाशित करण्याआधी, तुम्ही लिहिलंय तेवढंच वाचून घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी पदार्थ करायला सांगा. मध्ये बोलू नका. ती व्यक्ती जिथे अडेल, ते वाक्य बदला.

आपले शब्द सोडू नका, पण समजावून द्या. 'वरून सांबार पेरा' असं लिहिलंत, तर पुण्याची वाचक इडलीसोबतचं सांबार शोधायला लागेल. 'सांबार, म्हणजे आपली कोथिंबीर' एवढं एकदा लिहिलं की झालं. तुमच्या बोलीतला शब्दही टिकतो आणि पदार्थही बिघडत नाही.

ब्लॉग, इन्स्टाग्राम की यूट्यूब?

- ब्लॉग: सविस्तर कृती, वर्षानंतरही शोधून सापडणारी. गूगलचं ब्लॉगर मोफत आहे. वर्डप्रेसचाही मोफत पर्याय आहे, पण त्यावर त्यांच्या जाहिराती दिसू शकतात. लिहायची आवड असेल, तर हाच पाया धरा.
- इन्स्टाग्राम: फोटो झटपट लोकांपर्यंत पोचतात, पण जुनी कृती शोधणं अवघड जातं. खातं बंद पडलं, तर सगळंच जातं.
- यूट्यूब: हाताची रीत दाखवायला उत्तम. मडक्यावरची लांब रोटी कशी पसरवायची, हे शब्दांत सांगून भागत नाही. मात्र चित्रीकरण आणि संकलनाला वेळ लागतो.

नवशिक्यांना माझा सल्ला असा: मूळ कृती ब्लॉगवर, फोटो इन्स्टाग्रामवर आणि सहा महिन्यांनी हात बसला की यूट्यूब. तिन्ही एकदम सुरू केलं, तर तिन्ही अर्धवट राहतात.

ब्लॉग उघडताना या गोष्टी सांभाळा:

- मराठी युनिकोडमध्येच टाइप करा. मोबाइलच्या मराठी कीबोर्डवर किंवा बोलून लिहिलेला मजकूर युनिकोडमध्येच असतो. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्याच्या फोनवर अगम्य चिन्हं होऊन दिसतो आणि शोधून सापडत नाही.
- शीर्षकात पदार्थाची दोन्ही नावं द्या, जसं 'पुडाची वडी अर्थात सांबारवडी'. अनेकजण रोमन लिपीत शोधतात, म्हणून मजकुरात एकदा तसंही नाव येऊ द्या.
- फोटो लहान करून चढवा. १२०० ते १६०० पिक्सेल रुंदी पुरते. मूळ मोठा फोटो स्वतःकडे राखून ठेवा.
- स्वतंत्र पत्ता, म्हणजे डोमेन, घेतलात तर तो तुमच्या नावानं आणि तुमच्या ई-मेलवर नोंदवा. शिकवणाऱ्याच्या किंवा ओळखीच्या मुलाच्या नावावर नको. नूतनीकरणाची तारीख लिहून ठेवा.
- खात्याला दुहेरी पडताळणी लावा. 'तुमचं खातं बंद होणार आहे, इथे क्लिक करा' असे संदेश फसवे असतात. आर्थिक फसवणूक झालीच, तर तत्काळ १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा.

ठेल्यावर आणि खानावळीत

सीताबर्डी, महाल, इतवारी, गोकुळपेठ इथल्या ठेल्यांचे फोटो अनेकांना घ्यायचे असतात. तिथे आधी पदार्थ विकत घ्या, मग विचारा: "भाऊ, फोटो घेऊ का?" चेहरा येणार असेल तर वेगळं विचारा. खानावळीची जागा खासगी असते, मालक नाही म्हणू शकतो. सकाळच्या गर्दीत कढईसमोर उभं राहून गिऱ्हाइकांची वाट अडवू नका.

चवीबद्दल प्रामाणिक मत देण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. 'मला तिखट जास्त वाटलं' हे मत झालं. 'इथे शिळं देतात' हा आरोप झाला आणि तो सिद्ध करता आला नाही, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६खाली बदनामीची तक्रार होऊ शकते. अस्वच्छतेची खरीच शंका असेल, तर बिल जपा आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा. त्यातून तपासणी होऊ शकते. पोस्टमधून नुसता वाद होतो.

तुमचा फोटो, तुमचा हक्क

- कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार फोटो काढणारी व्यक्ती त्याची कर्ती मानली जाते. हक्क मिळवायला नोंदणी सक्तीची नाही. तो तुमच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतो.
- मोठा अपवाद: कोणी पैसे देऊन तुमच्याकडून फोटो काढून घेतले आणि वेगळा करार झालेला नसेल, तर पहिला मालकी हक्क पैसे देणाऱ्याचा असतो. म्हणून फोटो कुठे, किती काळ वापरणार आणि ते तुम्हाला स्वतःच्या ब्लॉगवर लावता येतील का, हे काम घेण्याआधी लिहून घ्या.
- हक्क दुसऱ्याला द्यायचे, तर ते लेखीच द्यावे लागतात. त्यात मुदत लिहिलेली नसेल, तर कायदा ती पाच वर्षांची धरतो.
- साहित्याच्या यादीवर कोणाची मालकी नसते. पण तुम्ही ज्या शब्दांत कृती लिहिली, ते शब्द तुमचे. हाच न्याय इतरांनाही लागू आहे. दुसऱ्याची कृती जशीच्या तशी उतरवू नका आणि इंटरनेटवरून उचललेला फोटो 'सौजन्य: गूगल' लिहून लावू नका. गूगल त्या फोटोचा मालक नाही.

फोटो चोरीला गेला, तर असं करा:

१. त्या पानाचा तारखेसह स्क्रीनशॉट घ्या, पत्ता नोंदवा.
२. मूळ फोटो शोधून ठेवा. त्यात काढल्याची तारीख आणि मोठा आकार असतो. मोठा फोटो राखून ठेवायला सांगितलं ते यासाठी.
३. वापरणाऱ्याला शांतपणे लेखी कळवा: फोटो काढा, नाव द्या किंवा मोबदला द्या.
४. उत्तर न आल्यास त्या संकेतस्थळाच्या किंवा ॲपच्या कॉपीराइट तक्रारीच्या अर्जात सगळं भरा.
५. व्यावसायिक वापर असेल, मेनूकार्डावर किंवा फलकावर, तर वकिलाचा सल्ला घ्या.

मोफत जेवण, जाहिरात आणि पैसे

थोडे वाचक जमले की "आमच्याकडे जेवायला या, फक्त लिहा" असं निमंत्रण येतं. ते घ्यायचं की नाही, हा तुमचा निर्णय. घेतलंत तर लपवायचं नाही. भारतीय जाहिरात मानक परिषदेचे नियम १४ जून २०२१पासून लागू आहेत. त्यांनुसार पैसे, मोफत वस्तू किंवा जेवण यांच्या बदल्यात लिहिलेल्या मजकुरावर 'जाहिरात', 'प्रायोजित' असा शब्द सहज दिसेल असा सुरुवातीलाच हवा. वीस हॅशटॅगांच्या शेवटी नाही.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची शिफारस करणाऱ्यालाही १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसंच केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. 'या लाडवानं मधुमेह बरा होतो' असं कोणी लिहायला सांगितलं, तर स्पष्ट नकार द्या.

ब्लॉगचं उत्पन्न करपात्र असतं. पहिल्या रुपयापासून तारीख, रक्कम, कोणाकडून एवढी वही ठेवा. व्यवसायानिमित्त एकाच देणाऱ्याकडून वर्षभरात २०,००० रुपयांहून जास्त किमतीच्या वस्तू किंवा सुविधा मिळाल्या, तर त्यानं १० टक्के करकपात करायची असते. हा नियम १ जुलै २०२२ रोजी आला. आणि ब्लॉग पाहून लोक मसाला, लोणचं मागू लागले, तर विक्री सुरू करण्याआधी अन्नसुरक्षा नोंदणी करून घ्या. घरगुती विक्रीलाही ती लागते.

खाद्यछायाचित्रण कार्यशाळेत शिकायचं असेल, तर पैसे भरण्याआधी विचारा

- एका गटात किती जण? प्रत्येकाला स्वतःच्या मोबाइलवर सराव मिळेल का?
- खिडकीच्या उजेडात शिकवणार की फक्त महागड्या दिव्यांखाली? घरी ते दिवे तुमच्याकडे नसतील.
- खऱ्या, गरम पदार्थावर काम होणार का?
- तुम्ही काढलेले फोटो कोणाचे राहतील?
- रद्द केल्यास पैसे परत मिळण्याचा नियम लेखी आहे का?

पावती घ्या आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट ठेवा. कबूल केलेलं मिळालं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५वर तक्रार करता येते. 'एका महिन्यात हमखास कमाई' असं वचन देणाऱ्या वर्गापासून दूर राहा.

पहिला महिना

- पहिला आठवडा: संत्र्याचा सराव, दहा पदार्थांची यादी, घरातली सर्वांत चांगली खिडकी आणि तिची वेळ शोधणं.
- दुसरा आठवडा: एकच पदार्थ तीन वेळा करणं. पहिल्यांदा मोजमाप लिहिणं, दुसऱ्यांदा फोटो, तिसऱ्यांदा दुसऱ्या कोणाच्या हातून करवून पाहणं.
- तिसरा आठवडा: ब्लॉग उघडणं, स्वतःबद्दल चार ओळी आणि पहिली कृती.
- चौथा आठवडा: दुसरी कृती, आणि पहिलीत वाचकांनी विचारलेल्या शंकांप्रमाणे दुरुस्ती.

महिन्याला दोनच कृती झाल्या तरी वर्षाअखेरीस चोवीस होतात, आणि त्या चोवीसही करून पाहिलेल्या, मोजलेल्या असतील. किती जणांनी पाहिलं हा आकडा सुरुवातीला लहानच राहील. त्यावर मन लावून बसू नका. बंगळुरूच्या किंवा दुबईच्या एखाद्या स्वयंपाकघरातून "तुमच्या प्रमाणानं केलं, आईच्या हातच्यासारखी वडी झाली" असा निरोप आला, की तुमचा ब्लॉग खऱ्या अर्थानं सुरू झाला असं समजा. येत्या रविवारी तर्री कराल, तेव्हा ट्यूबलाइट बंद करा, बशी खिडकीत न्या आणि तवंगावर बोट टेकवून उजेड जरा खाली ओढा. समोर जो लाल रंग आहे, तोच पडद्यावर येईल.